एकच लेन्स की दोन-तीन? आधी पाहा, तुमचा फोटो कुठे हुकतो

लग्नसराई तोंडावर आली की नव्या फोटोग्राफरना हमखास पडणारा प्रश्न: सगळे काम करणारी एकच मोठी झूम लेन्स घ्यावी, की वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या लेन्स? दुकानदाराचे उत्तर सोपे असते. खरे उत्तर तुमच्याच जुन्या फोटोंमध्ये दडलेले आहे.

तुळशीचे लग्न लागले की वाशीम जिल्ह्यात लग्नाच्या तारखा निघू लागतात. त्याच सुमारास सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात. मंगल कार्यालयांचे बुकिंग भरत जाते आणि गावोगावचे होतकरू फोटोग्राफर जुन्या कॅमेऱ्याकडे पाहून हिशेब मांडू लागतात. परवा रिसोडकडच्या एका तरुणाने गाठले. म्हणाला, ‘भाऊ, यकच लेन्स सांगा. लगन बी होईन, जत्रा बी होईन अन् हरणं बी येईन. घेऊ का ते अठरा-तीनशे?’

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे बरेच पैसे अडकलेले असतात. अशी एक चांगली झूम लेन्स नवी घेतली तर साधारण पन्नास-साठ हजारांच्या घरात जाते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्या भावाने साठ हजार म्हणजे सव्वाअकरा क्विंटल सोयाबीन. एकरी पाच-सहा क्विंटल पिकले असे धरले, तर दोन एकरांचे सगळे पीक एका लेन्समध्ये गेले. शिवाय बाजारात हमीभाव मिळेलच असे नाही. म्हणून हा हौसेचा प्रश्न नाही, पोटापाण्याचा आहे. तो नीट समजून घ्यायला हवा.

आधी हातातला फोन पाहा

हा लेख तुम्ही बहुधा फोनवर वाचत आहात. फोन उलटा करा. मागे दोन, तीन किंवा चार गोल डोळे दिसतील. फोनला इतके डोळे का, याचा विचार कधी केला आहे? एकच चांगली झूम लेन्स बसवली असती तर काम भागले नसते का?

नसते भागले. खऱ्या झूम लेन्समध्ये काचांचे गट पुढे-मागे सरकतात. त्यासाठी लांबी लागते, आणि फोनची जाडी आठ-नऊ मिलिमीटर. म्हणून बहुतेक कंपन्यांनी दुसरा मार्ग धरला: रुंद दृश्यासाठी एक लेन्स, नेहमीच्या कामासाठी एक, आणि जरा महागड्या फोनमध्ये दूरच्यासाठी तिसरी. तुम्ही दोन बोटांनी पडदा ताणता तेव्हा मधल्या टप्प्यात लेन्स सरकत नाही. फोन मुख्य कॅमेऱ्याचे चित्र कापून मोठे करत जातो आणि ठरावीक टप्प्यावर दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो. थोडक्यात, ‘एक की अनेक’ या वादात फोनने ‘अनेक’ची बाजू घेतली आहे.

तुमच्या फोनला दूरची वेगळी लेन्स असेल तर एक प्रयोग करून पाहा. दिवसा अंगणात तीनपटीचे बटण दाबा आणि एकेका लेन्सवर बोट ठेवत जा. दूरच्या लेन्सवर बोट आले की पडदा काळा होईल. हाच प्रयोग रात्री मंद दिव्याच्या खोलीत करा. पुष्कळ फोनमध्ये आता मुख्य लेन्स झाकल्यावर पडदा काळा होतो. बटण तीनपटीचेच आहे, पण फोनने गुपचूप मुख्य लेन्स वापरायला घेतली आहे. कारण दूरची लेन्स अंधारात पुरेसा उजेड आत घेऊ शकत नाही. मुख्य लेन्सचे चित्र कापून मोठे केलेले त्यातल्या त्यात बरे, असा फोनचा हिशेब.

या लेखाचे सार या प्रयोगातच आहे. लेन्स किती दूरचे दाखवते हा अर्धा प्रश्न झाला. ती किती कमी उजेडात काम करते, हा उरलेला अर्धा. दुकानात पहिला अर्धाच विचारला जातो.

लेन्सवरचे आकडे काय सांगतात?

लेन्सवर ‘१८-३०० एमएम’ लिहिलेले असते. १८ म्हणजे रुंद टोक: मांडवातली सगळी मंडळी एका चौकटीत. ३०० म्हणजे लांबचे टोक: शेवटच्या रांगेतून नवरीच्या नाकातली नथ. या दोन टोकांच्या मध्ये जी सरकते ती झूम. ‘५० एमएम’ असा एकच आकडा असेल तर ती प्राइम. ती सरकत नाही. जवळ-दूर व्हायचे तर आपल्या पायांनी.

दुसरा आकडा एफचा. एफ १.८, एफ २.८, एफ ६.३ असा. हा लेन्सच्या तोंडाचा माप. इथे गणित उलटे आहे: आकडा जितका लहान, तितके तोंड मोठे आणि उजेड जास्त. एफ ५.६ च्या तुलनेत एफ २.८ चौपट उजेड आत घेते. १८-३०० सारख्या लेन्सवर ‘३.५-६.३’ असे दोन आकडे दिसतात. रुंद टोकाला तोंड ३.५ पर्यंत उघडते. लांब जाल तसे ते आपोआप आकसत ६.३ वर येते.

फोटोच्या कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम लेन्स १९५९ मध्ये जर्मनीच्या फोइग्टलेंडर कंपनीने आणली. तिचे नाव झूमार, पल्ला ३६ ते ८२ एमएम, म्हणजे सव्वादोन पटींच्या आसपास. एकाच लेन्समध्ये रुंद ते लांब हे स्वप्न सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले टॅमरॉनने, १९९२ मधल्या २८-२०० लेन्समधून. त्याच कंपनीने २०१७ मध्ये १८-४०० काढली: बावीस पट. सहा दशकांत सव्वादोनवरून बावीसवर झेप गेली, ही थट्टा नव्हे. मात्र बावीस पट पल्ला गाठताना काचांच्या रचनेत तडजोड होतेच. तोंड लहान राहते, कोपरे किंचित मऊ येतात, सरळ भिंती थोड्या वाकतात. वाकलेली भिंत आजकाल सॉफ्टवेअर सरळ करते. आत न आलेला उजेड मात्र कोणतेही सॉफ्टवेअर आणू शकत नाही.

एका लेन्सची बाजू: अंतरपाट थांबत नाही

आता एका लेन्सच्या बाजूने बोलू. ती बाजू कमजोर नाही, आणि ती मला माझ्याच चुकीने शिकवली.

काही वर्षांपूर्वी मावसभावाचे लग्न होते. घरचाच फोटोग्राफर म्हणून कॅमेरा माझ्याकडे. बॅगेत पन्नासची प्राइम आणि एक ७०-३००. मंगलाष्टका सुरू होत्या तोवर मी दुरून पाहुण्यांचे चेहरे टिपत होतो. शेवटचे मंगलाष्टक आले तेव्हा जवळची लेन्स लावायला घेतली. मागचे झाकण दातात, एक लेन्स काखेत, दुसरी हातात. तेवढ्यात ‘शुभ मंगल सावधान’ झाले, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या. लेन्स बसून कॅमेरा डोळ्याला लागेपर्यंत नवरा-नवरीच्या गळ्यात हार पडलेले. अल्बममध्ये अंतरपाटाआधीचा फोटो आहे, हारांनंतरचा आहे, मधला नाही. त्या क्षणी मावशीच्या चेहऱ्यावर काय होते, ते ज्यांनी पाहिले त्यांनाच ठाऊक.

अठरा-तीनशे असती तर मनगटाच्या एका वळणाचे काम होते. लग्नात, जत्रेत, मिरवणुकीत क्षण पुन्हा येत नाही. तिथे लेन्स बदलण्याचा अर्धा मिनिट फार मोठा असतो.

दुसरा मुद्दा धुळीचा. रामनवमीला पोहरादेवीला गेलात तर हे लगेच पटेल. बंजारा समाजाची ही काशी. चैत्राचे ऊन, दूरदूरच्या तांड्यांवरून आलेली माणसे, गाड्यांनी उडवलेली धूळ. एका क्षणी नंगारा वाजवणाऱ्याचा हात टिपायचा असतो, दुसऱ्या क्षणी सगळी गर्दी. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ती भव्य वास्तू पूर्ण घ्यायची तर रुंद टोक हवे, आणि तिच्यासमोर उभ्या आजीच्या कांचळीवरचे आरसे घ्यायचे तर लांबचे. अशा जागी लेन्स काढणे म्हणजे कॅमेऱ्याचे पोट उघडे करणे. सेन्सरवर धुळीचा एक कण बसला, तरी दिवसभराच्या प्रत्येक फोटोत आकाशात काळा ठिपका येतो. तो एकेक करून पुसत बसा.

वजनाचा मुद्दाही अनेक जण मांडतात, पण तो तपासून घ्यावा. टॅमरॉनची १८-४०० सुमारे ७०० ग्रॅमची आहे. कॅननच्या डीएसएलआरची साधी १८-५५ सुमारे २०० ग्रॅम, ५५-२५० एसटीएम ३७५ आणि पन्नासची एफ १.८ एसटीएम १६० ग्रॅम. तिन्ही मिळून ७३५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे नवशिक्याच्या लेन्सपुरते बोलायचे तर बॅगेचे ओझे तेवढेच. एका लेन्सचा खरा फायदा वजनात नाही, हात मोकळे राहण्यात आहे.

दुसरी बाजू: हळदीच्या रात्रीचा अंधार

अंतरपाट हुकल्यावर मी शहाणा झालो आणि एक १८-३०० मिळवली. पुढच्या लग्नात दिवसभर खुशीत होतो. रात्री हळद होती. अंगणात मांडव, मधोमध एक पिवळा बल्ब, बाजूला नावापुरती माळ. नाचणाऱ्या बायका, हळदीचे हात, हसणे. शेकडो फोटो काढले. घरी संगणकावर उघडले तेव्हा अर्धे फोटो हललेले आणि उरलेल्यांवर रवा सांडल्यासारखे दाणे.

असे का झाले, त्याचा हिशेब सोपा आहे. १८-३०० लेन्स ५० एमएमच्या आसपास साधारण एफ ५ पर्यंतच उघडते. पन्नासची साधी प्राइम एफ १.८ पर्यंत उघडते. दोन्हींच्या उजेडातला फरक जवळपास आठपट. नाचणारा माणूस स्थिर दिसायला शटर निदान सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाइतके तरी लागते. तेवढ्या शटरला प्राइमवर आयएसओ १६०० पुरत असेल, तर झूमवर तोच आयएसओ १२,८०० करावा लागतो. आयएसओ वाढवणे म्हणजे मिळालेल्या थोड्याशा उजेडाचा आवाज मोठा करणे. लाउडस्पीकर फार वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसे हे दाणे. झूम लांब टोकाला नेली की एफ ६.३ होते आणि फरक बारापटीवर जातो.

‘पण माझ्या लेन्समध्ये स्थिरीकरण आहे ना?’ हा प्रश्न हमखास येतो. स्थिरीकरण तुमच्या हाताचा कंप थांबवते. समोरच्या बाईचा नाच ते थांबवू शकत नाही. देवळाचे शिखर, रात्रीची दीपमाळ, रिकामा मांडव अशा न हलणाऱ्या गोष्टींना त्याचा मोठा उपयोग. माणसांना नाही.

मग फ्लॅश? फ्लॅश हे उत्तर आहे, पण पूर्ण नाही. समोरून थेट मारलेल्या फ्लॅशने चेहरे पांढरे पडतात, मागचा मांडव काळा होतो आणि हळदीच्या रात्रीचा तो पिवळा उबदार रंग उडून जातो. मंगल कार्यालयाचे छत पांढरे आणि बुटके असेल तर फ्लॅश छताला मारून चांगले काम होते. उघड्या अंगणात आकाशाला फ्लॅश मारून काय मिळणार?

आणखी एक गोष्ट. मोठ्या तोंडाच्या लेन्सने मागचा भाग विरघळतो. आपल्याकडच्या लग्नात नवरीच्या मागे नेहमी काहीतरी असते: प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखा, पाण्याचा जार, डोकावणारा चुलतभाऊ. एफ १.८ वर हे सगळे रंगाचे ठिपके होऊन जाते. रुंद टोकाच्या एफ ३.५ वर चुलतभाऊ स्पष्ट ओळखू येतो.

काळवीट दूर असेल तेव्हा

रिसोडच्या तरुणाच्या प्रश्नात ‘हरणं’ होती. त्याचाही हिशेब करू. जिल्ह्यात कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. माळरानावर काळवीट तुम्हाला पाहते आणि अंतर राखून उभे राहते. ते अंतर शंभर मीटर धरू. फोनच्या मुख्य लेन्समध्ये शंभर मीटरवर सुमारे दीडशे मीटर रुंद रान मावते. काळवीट त्यात मुंगीएवढे. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर पन्नासची लेन्स लावली तर चौकट सत्तेचाळीस मीटर रुंद होते. खांद्याशी ऐंशी सेंटिमीटर उंचीचा नर चौकटीच्या उंचीचा चाळिसावा हिस्सा व्यापतो. ३०० एमएमवर चौकट पावणेआठ मीटर रुंद आणि सव्वापाच मीटर उंच. काळवीट उंचीचा सहावा-सातवा हिस्सा. भिंतीवर लावण्याजोगा नव्हे, पण शिंगांचे पीळ दिसतील असा फोटो मिळतो.

आणि इथे एफ ६.३ आड येत नाही. आपल्याकडच्या स्वच्छ उन्हात एफ ६.३ आणि आयएसओ ४०० वर शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत नेता येते. उडी मारणारे काळवीट हवेत गोठवायला तेवढे पुष्कळ. म्हणजे जी लेन्स हळदीच्या अंगणात हरली, तीच माळरानावर जिंकली. वाशीमला पाणी पुरवणाऱ्या एकबुर्जी प्रकल्पावर सकाळी बगळे, पाणकावळे टिपायलाही ती चालते. पक्षी लहान आणि पाणी रुंद, त्यामुळे तिथे ३०० देखील तोकडी पडते, हे खरे. पण शिकायला सुरुवात होते.

एक सावधगिरी मात्र ठेवा. एप्रिल-मेच्या दुपारी जमिनीवरून उठणाऱ्या झळांनी दूरचे सगळे थरथरते. तेव्हा लाखाची लेन्सही मऊ फोटो देते. त्यावरचा उपाय पहाटे उठणे. तो फुकट आहे.

मोठ्या फोटोग्राफरकडेही एकच लेन्स असते, मग?

लग्नाचे मोठे काम करणाऱ्यांच्या गळ्यात अलीकडे एक जाडजूड लेन्स दिसते. टॅमरॉनची ३५-१५० एमएम, एफ २ ते २.८. सोनीसाठी २०२१ मध्ये आली, निकॉनच्या मिररलेससाठी नंतर. ती दाखवून कोणी म्हणेल, ‘बघा, तेही एकच लेन्स वापरतात.’

पण ही ती लेन्स नव्हे. तिचा पल्ला चार पटींपेक्षा थोडा जास्त, बावीस पट नाही. रुंद टोक ३५ वरच थांबते, त्यामुळे छोट्या खोलीतले सगळे कुटुंब मावणे अवघड. त्याबदल्यात तिचे तोंड एफ २.८ च्या खाली आकसत नाही. वजन ११६५ ग्रॅम, किंमत लाखाच्या वर. शिवाय हे लोक बहुधा दोन कॅमेरे बाळगतात आणि दुसऱ्यावर रुंद लेन्स असते. म्हणजे त्यांनीही पल्ला सोडून उजेड निवडला. यातून शिकायचे ते हे. त्यांची लेन्स उधारीवर घेणे हा धडा नव्हे.

आधी जुने फोटो मोजा

माझे मत असे की लेन्स घेण्याआधी दुकानात जाऊ नये, स्वतःच्या फोटोंकडे जावे. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो किती एमएमवर, कोणत्या एफवर, किती आयएसओवर काढला हे नोंदलेले असते. फोनच्या गॅलरीत ‘तपशील’ किंवा ‘माहिती’ उघडली की दिसते, संगणकावरही दिसते. मागच्या दोन-तीन कामांमधले बिघडलेले शंभर फोटो बाजूला काढा. चांगले नव्हे, बिघडलेले. आणि कागदावर चार रकाने करा.

पहिला: अंधारामुळे हलले किंवा दाणेदार आले.
दुसरा: दूरचे होते, लहान आले.
तिसरा: जवळ जागा नव्हती, सगळे मावले नाही.
चौथा: लेन्स बदलताना किंवा उशीर झाल्यामुळे क्षणच गेला.

ज्या रकान्यात सगळ्यात जास्त रेघा पडतील, ती तुमची पुढची लेन्स. पहिला रकाना भरला तर पन्नासची किंवा पस्तीसची मोठ्या तोंडाची प्राइम. दुसरा भरला तर ५५-२५० किंवा ७०-३०० सारखी लांब झूम. तिसरा भरला तर रुंद लेन्स, किंवा दोन पावले मागे जाण्याची सवय. चौथा भरला तरच सगळे काम करणारी एकच झूम.

माझ्या अंदाजाने लग्नाचे काम करणाऱ्या बहुतेकांचा पहिला रकाना आधी भरेल. आपली लग्ने दुपारी लागली तरी हळद, वरात, संगीत, पाठवणी हे सगळे रात्रीचेच.

मग घ्यायचे काय?

‘एक की अनेक’ असे दोनच पर्याय आहेत असे मानणे ही पहिली चूक. माझा कौल मधल्या वाटेला आहे: दिवसासाठी एक झूम, रात्रीसाठी एक पन्नासची. दोनच.

पन्नासची एफ १.८ बहुतेक कंपन्यांकडे दहा ते वीस हजारांच्या दरम्यान मिळते. वर सांगितलेल्या हमीभावाने दोन ते चार क्विंटल. कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी किट लेन्स आणि ही पन्नासची एवढ्यावर पहिला हंगाम काढा. दिवसा किट, दिवे लागले की पन्नास. लेन्स बदलायची ती जेवणाच्या पंगतीच्या वेळी, मंगलाष्टका सुरू असताना नाही. हंगाम संपला की रकाने पुन्हा मोजा. तेव्हाही ‘क्षण गेला’ हाच रकाना भरत असेल तर अठरा-तीनशे खुशाल घ्या. ती तोवर कमाईच्या पैशातून येईल, पिकाच्या नाही.

ज्यांना धंदा करायचा नाही, घरचे कार्यक्रम, पोहरादेवीची यात्रा, कारंज्याची सहल आणि मुलांचे स्नेहसंमेलन एवढेच हवे, त्यांनी मात्र निःसंकोच एकच मोठी झूम घ्यावी. त्यांचे फोटो फोनच्या पडद्यावर पाहिले जातात, व्हॉट्सअॅपवर लहान होऊन जातात. तिथे कोपऱ्याचा मऊपणा कोणाला दिसत नाही. बारा बाय छत्तीस इंचांच्या करिझ्मा अल्बममध्ये मात्र तो दिसतो, आणि पैसे देणारा ग्राहक तोच अल्बम वर्षानुवर्षे पाहुण्यांना दाखवतो.

जुनी लेन्स घेताना तीन गोष्टी पाहा. एक, माउंट. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८ मध्ये मिररलेससाठी नवे माउंट आणले. जुन्या लेन्स त्यावर अॅडॅप्टर लावूनच बसतात. दोन, मोटर. निकॉनची जुनी पन्नासची एफ १.८ डी स्वस्तात मिळते, पण डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या कॅमेऱ्यावर तिचा ऑटोफोकस चालत नाही, कारण मोटर ना लेन्समध्ये आहे ना कॅमेऱ्यात. वरातीत हाताने फोकस करत बसावे लागेल. तीन, बुरशी. लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड आरपार टाका. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर कितीही स्वस्त असली तरी परत द्या. आपली लेन्सही पावसाळ्यात कातडी पिशवीत कोंडू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

आणि लेन्स बदलायचीच असेल तर कॅमेरा बंद करा, वाऱ्याकडे पाठ करा, कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे धरा. झाकण दातात नको, खिशात ठेवा. हे मी अनुभवाने सांगतो.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप जाणकारांचा: ‘झूमने माणूस आळशी होतो, प्राइमनेच फोटो शिकता येतो.’ ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींना हत्येच्या काही तास आधी टिपले, मग अंत्ययात्राही टिपली. त्यांचे आयुष्यभराचे बहुतेक काम पन्नासच्या लेन्सवर झाले. हे खरे आहे. पण त्यांना नवऱ्या मुलाच्या मामाने ‘आमचा फोटो का नाही आला?’ असे विचारले नव्हते. शिकण्यासाठी प्राइम उत्तम गुरू आहे. ग्राहकाच्या कामात मात्र गुरूबरोबर एक झूमही हाताशी असू द्यावी.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो: ‘फोन असताना लेन्स कशाला?’ दिवसाच्या उजेडात, जवळच्या फोटोंसाठी हा आक्षेप बरोबर आहे. फोनमुळे ज्यांचे भागते त्यांनी खर्च करू नये. पण रात्री नाचणारी माणसे आणि दूरवर उभे काळवीट या दोन ठिकाणी फोन अजून अडतो. म्हणून पैसे टाकायचे तर या दोन जागांपैकी जी तुमची आहे तिथेच टाका. फोन जे आधीच करतो, तेच करणारी लेन्स घेऊन काय मिळवले?

रिसोडच्या त्या तरुणाला मी हेच सांगितले. त्याने मोबाइल काढला आणि मागच्या वर्षीच्या लग्नाचे फोटो तिथेच चाळायला लागला. थोड्या वेळाने मान वर करून म्हणाला, ‘भाऊ, हे तं समदे रातचेच खराब आले.’ मी म्हटले, ‘मंग हरणं पुढच्या वर्षी पाहू.’